रेवदंडा ते देवबाग: मागे होडी आणि पाचवा गिअर बंद

देवबागच्या मावसभावाला यंदाच्या सीझनला पर्यटकांसाठी एक फायबरची होडी हवी होती, अठरा फुटी, जुनी पण धडधाकट, आणि ती नेमकी मिळाली आमच्या रेवदंड्याला. टेम्पोत ती मावत नाही, समुद्रातून न्यायची तर दोन खलाशी आणि चांगली हवा पाहिजे, त्यामुळे शेवटी ट्रेलरवर टाकून पिकअपने ओढत न्यायचं ठरलं. पिकअप माझी, इसुझू व्ही-क्रॉस, जुनी २.५ लिटर डिझेलवाली, पाच गिअर मॅन्युअल आणि फोर बाय फोर. सोबत धाकटा चुलतभाऊ, आणि दुसरा माझा मामा. मामाने तीस वर्षं एसटी चालवली, बरीचशी दापोली आणि मंडणगडच्या बाजूला, म्हणजे ज्या रस्त्याने जायचं त्यातलं निम्मं त्याच्या हाताखालचं.

हायवेने गेलो असतो तर दीड दिवसात पोचलो असतो हे मला माहितीय. पण मधे दिघीला आणि गुहागरला थांबायची कामं होती, म्हणून किनाऱ्याचा रस्ता धरला, चार जेट्या (म्हणजे खाडीपार गाडी नेणाऱ्या बोटी), असंख्य चढउतार. हे सगळं लिहितोय कारण निघण्याआधी मी मराठीत खूप शोधलं की मागे ट्रेलर असताना कुठला गिअर कुठे वापरायचा, आणि कामाचं काही सापडलं नाही.

आदल्या दिवशी काटा केला. ट्रेलर, होडी, आउटबोर्ड इंजिन सगळं मिळून १,१८० किलो. मग नुसता ट्रेलरचा दांडा वखारीतल्या वजनकाट्यावर टेकवला तर हुकवर येणारं वजन भरलं फक्त ५५ किलो. हे कमी आहे, एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के तरी हुकवर पाहिजे, नाहीतर वेग घेतला की ट्रेलर मागे शेपूट हलवायला लागतो आणि मग तो आवरत नाही. कारण कळलं, आउटबोर्ड इंजिन होडीच्या अगदी मागच्या फळीला टांगलेलं. ते सोडवून पिकअपच्या हौद्यात पुढे बांधलं, होडीतली पेट्रोलची टाकी रिकामी करून पुढे सरकवली, नांगर आणि दोऱ्या पुढच्या टोकाला. हुकवर ११० आलं. ट्रेलरला ओव्हररनचे ब्रेक आहेत, म्हणजे गाडी हळू झाली की ट्रेलर मागून हुकवर रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. हे लक्षात ठेवा, पुढे याच ब्रेकने दोनदा गोंधळ घातला.

पहिला दिवस, त्रयोदशी

सकाळी सहाला निघालो. साळावचा पूल, कोर्लई, मग काशीदच्या आधीचा तो चढ. सपाटीला मी चौथ्यात होतो आणि सवयीने पाचवा टाकला, कारण गाडी ५५ ला पळत होती आणि एकट्या गाडीला ५५ ला पाचवा चालतो. मामाने काही न बोलता हात पुढे करून गिअरच्या दांड्यावर ठेवला. म्हणाला, तू पण ठेव. ठेवला तर दांडा दाणदाण हलत होता, खालून नुसती धडधड. मीटर बघितला तर १,३०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे). "हे इंजिन तुला सांगतंय की मला ओढवत नाही," मामा म्हणाला, "तू स्पीड बघतोयस, त्याचा आवाज ऐक." चौथ्यात आलो, तिथून पुढे चढाला तिसरा, आणि दांडा शांत झाला.

माझ्या इंजिनाची खरी ताकद, ३२० न्यूटन मीटर, १,८०० ते २,८०० आरपीएमच्या मधे मिळते. त्याच्या खाली असताना पाय कितीही दाबला तरी नुसतं डिझेल ओतलं जातं, गाडी पुढे सरकत नाही. तेव्हा गिअर निवडायचा तो स्पीडवर नाही, काटा त्या पट्ट्यात राहतोय का यावर. एवढं एक कळलं तरी बरंच काम होतं.

आगरदांड्याची जंगल जेटी आम्ही मुद्दाम साडेनऊच्या सुमारास गाठली. मामाचं भरतीचं गणित जुनं कोळ्यांचं आहे, तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. त्रयोदशी म्हणजे तेराची पाऊणपट पावणेदहा. तेव्हा पाणी वर असतं, बोटीचा फळा, म्हणजे गाडी आत घ्यायला खाली सोडतात ती फळी, जवळजवळ सपाट टेकतो आणि गाडी ट्रेलरसकट रस्त्यावरून रस्त्यावर गेल्यासारखी आत जाते. तशीच गेली. मुरुडचा जंजिरा लांबून दिसला, धाकट्याने फोटो काढले.

दिघीला उतरून काम उरकलं आणि निघालो की लगेच चढ. इथे मी तिसऱ्यात अडकलो. गाडी ३० ला होती, काटा १,५०० च्या आसपास, पाय पूर्ण खाली, एसी चालू, ऑक्टोबरचं ऊन, आणि दोनेक किलोमीटरमधे टेंपरेचरचा काटा मधल्या रेषेवरून वर सरकला. मला वाटलं हळू जावं म्हणजे थंड होईल. मामा म्हणाला दुसरा टाक आणि जरा रेस ठेव. मला ते उलटंच वाटलं, जास्त फिरवलं तर जास्त तापणार ना? पण दुसऱ्यात २,४०० वर काटा स्थिर झाला, स्पीड तोच राहिला, पाय अर्धा वर आला, आणि चारपाच मिनिटांत टेंपरेचर जागेवर. धाकट्याने मागून समजावलं (तो इंजिनिअरिंगला आहे), की चढ चढायला लागणारी ताकद दोन्ही गिअरमधे तेवढीच, पण पाण्याचा पंप आणि रेडिएटरचा पंखा इंजिनाच्याच जोरावर फिरतात, इंजिन रेंगाळलं की तेही रेंगाळतात आणि उष्णता बाहेर जात नाही. शिवाय कमी आरपीएमला पूर्ण रेस दिली की प्रत्येक स्ट्रोकला पिस्टनवर आणि बेअरिंगवर जास्त दाब येतो. एसटीतल्या माणसाला हे कानाने कळत होतं, पोराने त्याचं कारण सांगितलं, मला दोन्ही आवडलं.

बोर्ली, दिवेआगर, मग शेखाडीचा समुद्राला लागून जाणारा रस्ता. त्या रस्त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल. श्रीवर्धनला जेवलो, सुरमई होती.

बागमांडल्याला पोचलो चारला, आणि इथे मात्र मामाचं गणित आमच्या विरुद्ध गेलं. सकाळी पावणेदहाला भरती म्हणजे चारला पूर्ण ओहोटी, त्यात पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं. जेटीचा उतार पार खालपर्यंत उघडा पडलेला, खालच्या टप्प्यात हिरवं शेवाळ, आणि बोटीचा फळा खाली टेकून परत वर चढणारा, म्हणजे इंग्रजी व्ही सारखा आकार. त्यात खलाशाने सांगितलं रिव्हर्स घ्या, पलीकडे सरळ बाहेर पडता येईल.

ट्रेलर रिव्हर्स घेणं मी दोन दिवस मैदानात शिकलो होतो, स्टेअरिंग उलटं फिरवायचं वगैरे, ते जमलं. उतारावर खाली आलो, ट्रेलरची चाकं फळ्याला लागली आणि गाडी अडली. मी हाफ क्लचवर रेस दिली. हलेना. अजून दिली. ट्रेलर इंचभर सरकला आणि थांबला, आणि केबिनमधे तो वास आला, जळक्या क्लचचा, एकदा आला की नाकातून जात नाही असा. मामा बाहेर उभा होता, त्याने दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "सोड! पाय काढ, काही करू नको."

दोन चुका होत्या. पहिली, ओव्हररनचे ब्रेक. फळ्यावर चढताना मी ट्रेलरला मागे ढकलत होतो, म्हणजे हुक दाबला जात होता, म्हणजे ट्रेलरला वाटत होतं गाडी ब्रेक मारतेय आणि तो स्वतःचे ब्रेक लावून बसला. मी ब्रेक लागलेला ट्रेलर चढावर ढकलत होतो. रिव्हर्ससाठी दांड्याजवळ एक पिन असते, ती खाली टाकली की हुक दाबला तरी ब्रेक लागत नाहीत. मैदानात सपाटीला पिनशिवाय भागलं होतं म्हणून मी ती विसरलोच. दुसरी चूक, साधा रिव्हर्स. सपाटीला साधा रिव्हर्स बिनरेसचा माणूस चालतो तेवढ्या वेगाने जातो, पण चढावर एवढं वजन ढकलायला त्याला तेवढी ताकद नाही, मग क्लच घासूनच भरपाई करावी लागते. त्यासाठी फोर लो असतो. गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलला, क्लच दाबून नॉब फिरवायचा. फोर लोमधे प्रत्येक गिअर साधारण अडीचपट खाली येतो, अडीचपट हळू आणि अडीचपट ताकद.

फूटभर पुढे घेतली, धाकट्याने पिन टाकली, मी फोर लो लावून रिव्हर्स टाकला आणि क्लच पूर्ण सोडून दिला. रेसला पाय लावला नाही. गाडी आपली आपण, टुकटुक करत, फळा चढून आत गेली. खलाशाने अंगठा दाखवला. मी पाच मिनिटं खाली उतरलो नाही, पाय थरथरत होते.

वेसवीला उतरताना पण तसाच उघडा पडलेला चढ, तो फोर लो सेकंडमधे सरळ रेषेत चढलो आणि वर कोरड्या रस्त्याला लागल्या लागल्या टू हाय केला, म्हणजे फक्त मागची चाकं ओढणारी, कारण पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारं मधलं डिफरन्शियल या गाडीला नाही, कोरड्या काँक्रीटवर फोर बाय फोरमधे वळवलं की चाकं एकमेकांशी भांडतात आणि आतल्या दांड्यांवर ताण येतो. बाणकोट, मग अंधारात केळशी. घरगुती खानावळीत सोलकढी प्यायलो आणि झोपलो.

दुसरा दिवस, चतुर्दशी

सकाळी केळशीची वाळूची टेकडी बघून निघालो, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला खालूनच नमस्कार केला, ट्रेलर घेऊन वर जाणं शक्य नव्हतं. हर्णै, दापोली. दापोलीपर्यंत मला सारखं वाटत होतं की उताराला गाडी कालच्यापेक्षा जास्त पळतेय, ब्रेक जास्त लागतोय. मनात म्हटलं इथले उतारच तसे असतील.

दापोलीवरून दाभोळला जाताना शेवटी खाडीकडे सलग उतार आहे. मी तिसऱ्यात होतो, आणि पाय जवळजवळ सतत ब्रेकवर. अर्ध्यात धाकटा म्हणाला दादा कसला तरी वास येतोय. पुढच्या वळणाला मी पेडल दाबलं आणि गाडीने धरलं, पण काल धरत होती तसं नाही, म्हणजे पाय तेवढाच खाली आणि गाडी दोन बोटं उशिरा ऐकते असं. ती भावना वाईट असते. सुदैवाने वळणाच्या पुढे रुंद जागा होती, दुसरा टाकला, इंजिन किंचाळलं पण गाडी आवळली, बाजूला घेतली.

मामाने उतरल्या उतरल्या पहिलं काम केलं ते चाकांना दगड लावायचं, आणि मला हँडब्रेक ओढू दिला नाही, गाडी फर्स्टमधे टाकून बंद करायला लावली. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून ठेवू नये, थंड होताना लायनर चिकटतात. पाणी टाकायला निघालेल्या धाकट्यालाही थांबवलं, गरम डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकते, ड्रमला चीर जाऊ शकते. मग मामा एकेका चाकाजवळ तळहात नेत चालत गेला. पुढची दोन चाकं, हात वीतभर लांबूनच मागे घेतला. मागची दोन, गरम. मग ट्रेलरचं चाक. तिथे त्याने सरळ पंजा हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, ठेवला आणि ठेवूनच उभा राहिला.

"गार," म्हणाला. "गार आहे रे हे. हा काही कामच करत नाहीये."

पिन. काल बागमांडल्याला रिव्हर्ससाठी टाकलेली पिन आम्ही काढलीच नव्हती. वेसवीपासून इथपर्यंत ट्रेलरला ब्रेकच नव्हते आणि अकराशे किलो नुसतं मागून रेटत होतं. मी तिथे दगडावर बसलो. मला खरंच वाईट वाटलं, धाकट्याची आई त्याला माझ्या भरवशावर पाठवते.

पण मामाने पिनेवर सगळं ढकलू दिलं नाही. पिन काढलेली असती तरी तू तिसऱ्यातच उतरला असतास ना, असं विचारलं. हो. मग त्याने तो नियम सांगितला जो त्याला भरती झाल्यावर पहिल्या आठवड्यात शिकवलेला, घाट ज्या गिअरमधे चढावा लागेल त्याच गिअरमधे उतरायचा. समोरून हा घाट चढायचा असता तर लोडला दुसरा लागला असता, म्हणजे उतरायलाही दुसरा. आणि तो गिअर उताराच्या वर टाकायचा, मधे नाही. मधे वेग वाढलेला असतो, तेव्हा खालचा गिअर पडता पडत नाही, आणि न्यूट्रल होऊन अडकलात तर मग कुणीच धरत नाही. डिझेल गाडीला तर जास्तच काळजी, कारण पेट्रोल इंजिनात रेस सोडली की हवेचा पडदा बंद होऊन इंजिन गाडीला मागे ओढतं, डिझेलला तसं ओढणं कमी असतं, त्यामुळे वाटतो त्यापेक्षा एक गिअर खालीच बरा. आणि ब्रेक मारायचा तो सतत घासत नाही, आरपीएम वर गेला की एकदा नीट दाबून वेग पाडायचा आणि पाय काढायचा, परत चढला की परत, म्हणजे मधल्या वेळात ब्रेकला हवा लागते.

धाकट्याने विचारलं न्यूट्रलमधे डिझेल वाचतं ना, त्याच्या कॉलेजच्या बाजूला सगळे रिक्षावाले तसंच करतात. मग त्याचं त्यालाच आठवलं की आताच्या गाड्यांत गिअरमधे रेस सोडून उतरताना इंजेक्टर डिझेल बंदच करतात, चाकं इंजिन फिरवतात, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला डिझेल जाळावं लागतं. म्हणजे न्यूट्रलने ब्रेकही जातो आणि डिझेलही. मामाला हे माहीत नव्हतं, त्याने दोनदा विचारून घेतलं.

पाऊण तास थांबलो. पिन काढली, आणि धाकट्याने त्या पिनला लाल फडका बांधला, ट्रेलरच्या दांड्यावर असेल तर फडका आरशात दिसणार आणि काढली की तो माझ्या आरशाला लटकवायचा. मग दुसऱ्यात, २,५०० च्या आसपास, पाय ब्रेकवर न ठेवता दाभोळपर्यंत उतरलो. खाली जेटीला परत हात लावून बघितलं, पुढची चाकं गरम पण सोसवणारी, ट्रेलरचे हब कोमट. कोमट म्हणजे काम करतायत.

दाभोळ ते धोपावे सरळ गेलो, पाणी अजून बरंच वर होतं. गुहागरला काम, व्याडेश्वराचं दर्शन, जेवण. पालशेत, हेदवी करत तवसाळला पोचायला पावणेपाच वाजले, म्हणजे परत बरोब्बर ओहोटी. पण या वेळी वरच थांबलो. उतरून उतार चालत बघितला, कुठे शेवाळ आहे कुठे फळा टेकतो, पिन टाकली, फोर लो रिव्हर्स, रेस नाही. दोन मिनिटांचं काम. जयगडला बाहेर आल्यावर धाकटा न सांगता उडी मारून गेला आणि लाल फडका आणून आरशाला अडकवला. मुक्काम मालगुंडला.

तिसरा दिवस, कोजागिरी

आरे-वारेचा चढ दुसऱ्यात, उतार दुसऱ्यात, काहीच घडलं नाही आणि समुद्र निवांत बघता आला. रत्नागिरीत डिझेल भरलं. एकट्या गाडीला मला बारा मिळतात, ट्रेलरसकट साडेसात पडलं.

भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या पुढे सडा लागतो, कातळाचा, उघडा, वाऱ्याला आडकाठी नाही. रस्ता सपाट होता म्हणून मला वाटलं आता तरी पाचवा चालेल, ६० ला काटा दीड हजाराच्या आसपास येत होता. पण समोरून वारा, आणि होडीचा आकार म्हणजे वाऱ्याला धरलेला पंजा, सपाटीलाही इंजिनाला सतत ओढ होती. दर बारक्या चढावाला पाचव्यातून चौथा, परत पाचवा, परत चौथा. शेवटी चौथ्यातच ठेवली आणि काटा दोन हजाराला थोडा कमी, गाडी एकदम आरामात.

धाकट्याने याचंही कारण काढलं आणि मला ते फार पटलं. अशा पाच गिअरच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चौथा म्हणजे डायरेक्ट गिअर, एकास एक. इंजिनाकडून आलेला दांडा आणि मागे जाणारा दांडा सरळ जोडले जातात, ताकद मधल्या दातांमधून फिरून जात नाही. पाचवा ओव्हरड्राइव्ह, त्यात मागचा दांडा इंजिनापेक्षा जास्त फिरतो, आणि सगळी ताकद खालच्या बाजूच्या शाफ्टमधून दातांच्या दोन जोड्यांवरून जाते. रिकाम्या गाडीला ठीक, पण तासन्‌तास लोड ओढायला चौथाच मजबूत आणि गारही. मी तेव्हाच ठरवलं की होडी उतरेपर्यंत पाचवा नाही.

आडिवऱ्याच्या पुढे चहाला थांबलो तिथे एक जण भेटले, जेट स्की ट्रेलरवर घेऊन मालवणलाच चाललेले, त्यांची नवी ऑटोमॅटिक पिकअप, सहा गिअरची. त्यांना प्रश्न होता की गाडी चढाला सारखी गिअर बदलते आणि मधेच इंजिन नुसतं ओरडतं. डी मधे सोडून दिलं होतं. ऑटोमॅटिकला मागे लोड आहे हे सांगावं लागतं, ती आपली डिझेल वाचवायला वरचा गिअर टाकते, ओढवलं नाही की पाडते, परत टाकते, आणि प्रत्येक वेळी टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भाग) घसरतो तेव्हा बरीच ताकद तेल तापवण्यात जाते. गिअरबॉक्सचं तेल तापून जळणं हेच ऑटोमॅटिकचं मरण. दांडा बाजूला ओढून मॅन्युअलमधे घ्यायचा आणि चौथा धरून ठेवायचा, वरचे दोन ओव्हरड्राइव्ह विसरायचे, चढाला आणि उताराला तिसरा किंवा दुसरा स्वतः टाकायचा. धाकट्याने त्यांच्या शेजारी बसून दाखवलं. शेजारी चिऱ्याने भरलेला ट्रक उभा होता, त्याचा ड्रायव्हर ऐकत होता, तो म्हणाला आम्ही तर रोजच गाडी आवाजावर चालवतो, मीटर बंद पडून दोन वर्षं झाली.

जैतापूर, पडेल कँटीन, देवगड. रात्री किनाऱ्यावर मसाला दूध. चंद्र एवढा लख्ख की ट्रेलरच्या दोऱ्यांच्या गाठी टॉर्चशिवाय तपासल्या.

चौथा दिवस

कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, कोळंबचा पूल, मालवण, अकराला देवबाग. चढउतार आता हाताला बसले होते, वरून उतार दिसला की क्लचकडे पाय आपोआप जात होता.

मावसभाऊ रस्त्यावरच उभा. "इलात काय रे? होडी बरी आसा मां?" भरती बाराच्या सुमारास, पाणी चढत होतं, मला लगेच होडी उतरवायची घाई झालेली. तो म्हणाला, "पयली च्या घेवया, होडी मगे उतरवया." तो पाहुणचार म्हणून बोलला असेल, पण ते बरोबरच होतं. चालून आलेले हब गरम असतात, तसेच खाऱ्या पाण्यात बुडवले की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, मग महिनाभरात बेअरिंग वाजायला लागतं. अर्धा तास चहा, हबला हात लावून गार झाल्याची खात्री, ट्रेलरच्या लाईटची वायर सोडवली, पिन टाकली.

कर्ली खाडीच्या बाजूला उतार आहे, खाली वाळू. फोर लो रिव्हर्सने ट्रेलरची चाकं बुडेपर्यंत मागे गेलो, मागून पाणी होडीखाली शिरलं, ती एकदा हलली, ट्रेलरवरून अलगद उचलली गेली आणि मावसभावाने दोरी घेतली. मग बाहेर यायचं. फर्स्ट लो टाकला तर ओल्या वाळूत मागचं चाक जागच्या जागी फिरलं, तिथे ताकद जास्त झाली होती. मामा काठावरून बोटांनी दोन दाखवत होता. सेकंड लो, क्लच हळू सोडला, रेस नाही, आणि गाडी रिकामा ट्रेलर निथळत घेऊन वर आली. पिन काढली, फडका आरशाला. हबवर गोड्या पाण्याचा पाईप मारला, ब्रेकचे ड्रम आतून धुतले.

रात्र तिथेच काढून सकाळी परत निघालो, या वेळी हायवेने. मालवणहून कसालपर्यंत तिसरा-चौथा. कसालला हायवेला लागलो, समोर सरळ काँक्रीट, मागे रिकामा ट्रेलर खडखडत होता. ७५ ला गेल्यावर मी मामाकडे बघितलं. त्याने आधी हात दांड्यावर ठेवून बघितला, मग काढला, आणि मी पावसच्या सड्यानंतर पहिल्यांदा पाचवा टाकला.